उनपदेवचा झरा कोणाचा?

खानदेशातील माणसाला ऊन पाण्याचे अप्रूप वाटावे असे वरवर पाहता काही कारण नाही. वैशाखात जळगाव-भुसावळकडे नळालाच ऊन पाणी येते. तरीही पौषातील थंडीत जळगाव, धुळे, अमळनेर, चोपडे येथून माणसे सातपुड्याच्या पायथ्याकडे निघतात. अडावद सोडून उत्तरेकडे वळले की केळीच्या बागा हळूहळू मागे पडतात, काळी माती संपून मुरूम आणि गोटे लागतात, जमीन चढू लागते आणि डोंगराच्या कुशीत उनपदेवचे स्थान येते. गोमुखातून ऊन पाण्याची धार अखंड पडत असते. खरूज-नायटा जातो, सांधे मोकळे होतात, या श्रद्धेने लोक तेथे स्नान करतात. राम वनवासात असताना त्याने शरभंग ऋषींच्या व्याधीसाठी बाण मारून हे पाणी काढले, अशी कथा सांगितली जाते. जवळच सुनपदेव व नाझरदेव हे आणखी दोन झरे आहेत. इंग्रज अधिकाऱ्यांनी १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्येही या तिन्हींची दखल घेतली आहे. पूर्वी धुळे जिल्ह्यात असलेल्या आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात गेलेल्या शहादा तालुक्यातही डोंगराच्या पायथ्याशी उनपदेव नावाचाच ऊन पाण्याचा झरा आहे.

स्नान होते, डबे सोडले जातात, थोडी छायाचित्रे काढली जातात आणि दिवे लागणीपूर्वी गाड्या परत फिरतात. वाटेत डोक्यावर मोळी घेतलेली पावरा किंवा बारेला बाई दिसते, कुडाची घरे दिसतात, एखादा ढोल ऐकू येतो. एवढ्यावरून पाहुण्याची खात्री होते की त्याने आदिवासी संस्कृती पाहिली. हल्ली या पाहण्याला पर्यटन असे नाव मिळाले आहे. सातपुड्यात पर्यटन वाढावे, त्यातून आदिवासींना रोजगार मिळावा, असे सभांतून आणि अंदाजपत्रकांतून वारंवार सांगितले जाते. या बोलण्यात सदिच्छा नसते असे नाही. परंतु त्यात एक प्रश्न विचारलाच जात नाही. ज्या झऱ्यासाठी पाहुणे येणार, ज्या जंगलातून रस्ता जाणार आणि ज्या लोकांची संस्कृती जाहिरातीत छापली जाणार, त्या झऱ्यावर, जंगलावर आणि जमिनीवर त्या लोकांचा हक्क काय? हा प्रश्न बाजूला ठेवून केलेले पर्यटन म्हणजे घरधन्याला ओसरीवर बसवून त्याच्या माजघरात मेजवानी करण्यासारखे आहे.

झरा डोंगराचा आहे

प्रथम झऱ्याचे साधे शास्त्र पाहू जाता काय दिसते? सातपुडा आणि तापीचे खोरे यांच्या सीमेवर भूगर्भात मोठे प्रस्तरभंग आहेत. डोंगरमाथ्यावर पडलेले पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरते. जमिनीत जसजसे खाली जावे तसतसे दर किलोमीटरला तापमान साधारणपणे पंचवीस ते तीस अंशांनी वाढते. खोलवर तापलेले हे पाणी दुसऱ्या भेगेने वर येते आणि कुंडात पडते. त्यासाठी येथे जिवंत ज्वालामुखी असण्याची गरज नाही. तात्पर्य एवढेच की गोमुखातून पडणारे पाणी मुळात डोंगरावर पडलेल्या पावसाचे आहे. डोंगर उघडाबोडका झाला, माथ्यावरचे पाणी मुरण्याऐवजी वाहून गेले, तर त्याचा परिणाम कुंडापुरता राहणार नाही.

पायथ्याच्या केळीवाल्या शेतकऱ्यालाही हे कळले पाहिजे. डोंगरातून वाहत आलेल्या गाळाचा आणि गोट्यांचा जो पट्टा सातपुड्याच्या पायथ्याशी पसरला आहे, त्यातूनच पाणी मुरून मैदानाच्या विहिरींना जाते. रावेर आणि यावल हे केळीचे तालुके भूजलाचा अतिउपसा होणारे तालुके म्हणून सरकारी पाहणीत नोंदले गेले आहेत. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण त्या केळीच्या घडामागे डोंगरावरील जंगलाने मुरवलेले पाणी आहे, याचे मानांकन कोणी दिले नाही. तेव्हा डोंगरावरचा आदिवासी जंगल राखतो की नाही, त्याला ते राखण्याचा अधिकार आहे की नाही, हा प्रश्न पायथ्याच्या बागायतदारालाही आपला वाटला पाहिजे. त्याच्या विहिरीच्या तळाशी हाच प्रश्न आहे.

पाहुण्याचा रुपया

आता रोजगाराच्या युक्तिवादाकडे वळू. एक हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. जळगावहून एक जीप आठ माणसे घेऊन उनपदेवला आली असे समजा. डिझेल जळगावच्या पंपावर भरले गेले. डबे घरून आले, नाही तर वाटेवरच्या मोठ्या गावात भजी-जिलेबी घेतली गेली. बाटलीबंद पाणी आणि खाऊची पाकिटे दूरच्या कारखान्यांची. पूजेचा नारळ घाटाखालच्या व्यापाऱ्याचा. जीप परत गेली तेव्हा डोंगरातील गावात काय राहिले? शेंगा किंवा बोरे विकणाऱ्या एखाद्या बाईच्या पदरात दहा-वीस रुपये, आणि झाडाखाली पत्रावळी व प्लास्टिक. अर्थशास्त्रात याला गळती म्हणतात. बाहेरून आलेला पैसा गावात एका हातातून दुसऱ्या हातात फिरला, तरच त्याने गावाचे उत्पन्न वाढते. तो आल्या पावली परत गेला तर गावाच्या वाट्याला फक्त गर्दी येते.

पर्यटक वाढले तर ही गळती आपोआप कमी होईल, हा भ्रम आहे. पर्यटक वाढले की भांडवल येते, आणि भांडवल ज्याच्याजवळ असते तो येतो. रस्त्याकडेची जागा घेणारा, निवासाच्या खोल्या बांधणारा, वाहनतळाचा ठेका घेणारा, हे सारे बहुधा मैदानातून येतात. आदिवासीला मिळते ती झाडलोटीची, पहारेकऱ्याची आणि सणासुदीला पाहुण्यांपुढे नाचण्याची नोकरी. जो आपल्या शेतात मालक होता तो येथे चाकर होतो. खानदेशाने हे एकदा अनुभवलेले आहे. शहादा-तळोद्याच्या सुपीक पट्ट्यात जमीन गमावलेला भिल्ल आपल्याच पूर्वीच्या शेतावर सालदार म्हणून राबला. पर्यटनाच्या नावाने त्याच गोष्टीची दुसरी आवृत्ती निघू नये, यासाठी आजच सावध झाले पाहिजे.

डोंगर कसा गेला

हक्काचा प्रश्न नवा नाही. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर खानदेश इंग्रजांच्या हाती आला, तेव्हा सातपुड्याचे घाट आणि वाटा भिल्ल नायकांच्या ताब्यात होत्या. १८२५ मध्ये इंग्रजांनी आउट्रमच्या हाताखाली भिल्लांचीच पलटण उभारली आणि भिल्लांना भिल्लांकरवी आवरण्याचा प्रयोग सुरू केला. सेंधव्याच्या घाटाची राखण करणाऱ्या खाज्या नाईकाने १८५७ मध्ये बंड पुकारले. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणी येथे इंग्रज फौजेशी भिल्लांची लढाई झाली. तलवारीने जे पुरे झाले नाही ते पुढे कायद्याने केले. १८७८ च्या वन कायद्याने जंगले राखीव झाली. पिढ्यान्‌पिढ्या जेथे मोहाची फुले वेचली, डिंक काढला, गुरे चारली, तेथे जाणे हा एका रात्रीत अपराध ठरला. आज पाहुणा ज्याला नयनरम्य वनराई म्हणतो, ती त्या डोंगरातील माणसाच्या दृष्टीने सव्वाशे-दीडशे वर्षांची फिर्याद आहे.

जंगल सरकारकडे गेले आणि मैदानातील जमीन सावकाराकडे गेली. १९३९ च्या सायमिंग्टन अहवालाने मुंबई इलाख्यातील आदिवासी भागांतील कर्जबाजारीपणा आणि वेठ यांचे जे चित्र दिले, त्यात पश्चिम खानदेशही होता. स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले नाही. १९७१ च्या मे महिन्यात शहादा तालुक्यात पाटीलवाडी येथे आदिवासींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि महाराष्ट्र हादरला. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्याला भू-मुक्ती परिषद झाली. अंबरसिंग सुरतवंती या भिल्ल कार्यकर्त्याच्या नेतृत्वाने आणि श्रमिक संघटनेच्या कामाने गहाण पडलेल्या जमिनी मोकळ्या होऊ लागल्या. अंबरसिंग १९७४ मध्ये अकाली गेले. परंतु त्याच वर्षी राज्याला आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा करावा लागला. हा कायदा म्हणजे मुंबईने केलेली कृपा नव्हती. तो शहाद्याच्या रस्त्यावर चाललेल्या पायांनी मिळवला होता.

त्या चळवळीतील स्त्रियांचा वाटाही विसरता येत नाही. शहादा तालुक्यातील आदिवासी स्त्रियांनी दारूची मडकी फोडली आणि नवऱ्याच्या मारहाणीविरुद्ध गावोगाव आवाज उठवला. सहलीच्या जागी सर्वांत आधी दारू पोहोचते आणि तिचा पहिला तडाखा गावातील बाईला बसतो. तेव्हा पाहुण्यांच्या गर्दीला काय नियम असावेत, हे त्या बाईला विचारल्याशिवाय ठरवता कामा नये.

संस्कृती म्हणजे केवळ पोशाख नव्हे

शहरी पाहुण्याच्या मनात आदिवासी संस्कृतीची एक ठरीव प्रतिमा असते. ढोल, बासरी, चांदीचे दागिने, होळीभोवतीचा नाच. हे सारे आहे, आणि सुंदर आहे. काठीची राजवाडी होळी पाहण्यासाठी लांबून माणसे येतात. परंतु होळीपूर्वीच्या आठवड्यात भरणारा भोंगऱ्या बाजार पहा. वर्षाची मजुरी किंवा पीक हाती आलेले असते. कपडे, डाळ्या-गूळ, पूजेचे साहित्य यांची खरेदी होते, दूरदूरचे सोयरे भेटतात. हा बाजार म्हणजे डोंगरातील अर्थव्यवस्थेचा ताळेबंद आहे. त्याला तरुण-तरुणींच्या पळून जाण्याचा सण असे रंगवून छापण्याची खोड वृत्तपत्रांना फार दिवसांची आहे, आणि शिकलेले आदिवासी तरुण त्याविरुद्ध सातत्याने बोलत आले आहेत. पाहणाऱ्याला जे हवे ते तो पाहतो आणि ज्याच्याकडे पाहिले जाते त्याला मात्र त्याबद्दल बोलण्याची सोय नसते. असमानतेचा हाही एक प्रकार आहे.

पावरा-बारेलांमध्ये लाहा नावाची रीत आहे. एकाचे घर बांधायचे किंवा शेत निंदायचे असेल तर गाव मिळून ते काम करते. त्याची मजुरी नसते, जेवण असते, आणि आपली पाळी आली की इतर येतील याची खात्री असते. नव्या रानभाज्या देवाला दाखवल्याशिवाय खायच्या नाहीत, वाघदेवाची पूजा करायची, पावसासाठी राणी काजलला आळवायचे, या साऱ्या रीती जंगल किती आणि केव्हा वापरावे याचे नियमच आहेत. ज्या समाजाकडे सहकाराचे आणि संयमाचे हे शिक्षण परंपरेने आहे, त्याला सहकारी कारखान्यांच्या खानदेशाने मागासलेला म्हणावे, हा विनोद आहे. या रीती जंगलावर उभ्या आहेत. जंगलावरचा हक्क गेला की त्यांतला नाच तेवढा उरतो, आणि तो नाच पाहुण्यांपुढे तिकीट लावून करावा लागतो.

आणखी एक गोष्ट. उनपदेवच्या परिसराची ओळख एकरंगी नाही. येथे पावरा आणि बारेला आहेत, भिल्ल आहेत, इस्लाम मानणारे तडवी भिल्ल आहेत, पायथ्याला अहिराणी आणि लेवा बोली बोलणारे शेतकरी आहेत. ऊन पाण्याच्या धारेखाली अंग धुणाऱ्याला जात विचारायची नसते. १९३० च्या दशकात तळोद्याकडील मोरवड येथे गुल्या महाराजांनी आदिवासींमध्ये जी चळवळ उभी केली, तिने रोज स्नान करा, दारू सोडा, स्वाभिमानाने जगा असेच सांगितले. हजारोंच्या संख्येने आदिवासी तिकडे लोटले. स्नान हे आत्मसन्मानाचे साधन होऊ शकते हे त्या माणसाने दाखवले. आज त्याच डोंगरात स्नान हे केवळ बाहेरच्यांच्या करमणुकीचे साधन व्हावे, ही अधोगती होईल.

दोन उदाहरणे

हक्कासह पर्यटन शक्य आहे काय? याचे उत्तर देण्यासाठी प्रथम दूरचे उदाहरण घेऊ. न्यूझीलंडमध्ये रोटोरुआ परिसरात ऊन पाण्याचे झरे आणि फवारे आहेत. एकोणिसाव्या शतकात तेथील तुहौरांगी हे माओरी लोक पाहुण्यांना नावेतून नेत, वाट दाखवीत आणि त्याचे दाम स्वतः ठरवून घेत. गोऱ्या सरकारला ते रुचले नाही. १८८१ च्या कायद्याने झऱ्यांच्या प्रदेशावर सरकारने हात टाकला. १० जून १८८६ रोजी तारावेरा ज्वालामुखीचा स्फोट झाला, प्रसिद्ध गुलाबी-पांढऱ्या पायऱ्या नष्ट झाल्या, गावे गाडली गेली. वाचलेले लोक व्हाकारेवारेवा येथे आपल्या नातलगांकडे आले आणि तेथे त्यांनी पुन्हा वाटाडेपणाचा व्यवसाय उभा केला. मात्र तेथील फवाऱ्यांची जमीनही सरकारकडे गेली. ती परत मिळण्यास २००९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी कायदा करून न्यूझीलंडने ती माओरींच्या स्वाधीन केली.

या उदाहरणात आणखी एक धडा आहे. रोटोरुआ शहरातील घरे आणि हॉटेले यांनी ऊन पाण्यासाठी शेकडो कूपनलिका खोदल्या. परिणामी फवारे मंदावू लागले. १९८६ साली सरकारला मुख्य फवाऱ्यापासून दीड किलोमीटरच्या आतील कूपनलिका बंद करण्याचा हुकूम काढावा लागला. त्यानंतर झरे हळूहळू सावरले. ऊन पाणी अक्षय्य नाही, हे तेथे अनुभवाने कळले. खानदेशाने ते अनुभवाआधी समजून घेतले तर बरे.

आता जवळचे उदाहरण. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात बारीपाडा नावाचे कोकणी आदिवासींचे छोटे गाव आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी तेथील जंगल जवळजवळ संपले होते आणि पाण्याचे हाल होते. गावाने एकत्र बसून नियम केले. कुऱ्हाडबंदी केली, राखणदार नेमला, नियम मोडणाऱ्याला दंड बसवला. सुमारे अकराशे एकर जंगल उभे राहिले, विहिरींना पाणी आले. २००४ पासून गावातील स्त्रियांची रानभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. बाहेरून माणसे येतात, पण गावाच्या तारखेला आणि गावाच्या शिस्तीने येतात. पाहुण्यांपुढे मांडले जाते ते गावातील बायकांचे ज्ञान, आणि त्याची किंमत गावात राहते. या कामाचे नेतृत्व करणाऱ्या चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्यामागे उभ्या राहिलेल्या वनवासी कल्याण आश्रमाशी समाजवादी कार्यकर्त्यांचे वैचारिक मतभेद आहेत आणि ते लपवण्याचे कारण नाही. आदिवासी की वनवासी हा केवळ शब्दाचा वाद नाही. तथापि चांगले काम मतभेदाच्या भिंतीआडूनही दिसते. ते न पाहणे हा तत्त्वनिष्ठेचा पुरावा होत नाही. विदर्भात मेंढा-लेखाने २००९ मध्ये कायद्याने सामूहिक वनहक्क मिळवला आणि पुढे आपला बांबू आपण विकला, हेही याच वाटेवरचे पाऊल आहे.

कायदा आहे, कार्यकर्ता हवा

कायद्याचा आधार नाही असे आज म्हणता येत नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला गौण वनोपजाची मालकी आणि ग्रामपातळीवर लहान जलसाठ्यांच्या नियोजनाचा अधिकार मान्य केला. महाराष्ट्राने त्याचे नियम केले ते २०१४ साली, म्हणजे अठरा वर्षांनी. चोपडा, यावल आणि रावेर तालुक्यांतील काही गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने तर सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला दिला. हा कायदा अनुसूचित क्षेत्राबाहेरही लागू आहे. मग अडते कोठे? वैयक्तिक प्लॉटचा दावा कसाबसा दाखल होतो, पण सामूहिक दाव्यासाठी नकाशा, जुन्या नोंदी, वृद्धांची साक्ष आणि ग्रामसभेचा ठराव लागतो. या कामाला बसणारा, लिहिणारा, तालुक्याला चार खेपा घालणारा माणूस लागतो. तो कमी पडतो.

येथे दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा, की आदिवासींना व्यवस्थापन जमेल काय? ज्यांनी शतकानुशतके डोंगर राखला त्यांना एका कुंडाची स्वच्छता, वाहनतळाची पावती आणि दुकानांच्या जागा यांचा हिशेब जमणार नाही, असे मानणे हा अज्ञानाचा किंवा स्वार्थाचा भाग आहे. हिशेब लिहिण्याचे शिक्षण सहा महिन्यांत देता येते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ग्रामसभा हीही स्वर्गातून उतरलेली संस्था नव्हे. तेथेही चार शिरजोर पुढारी सारे काही आपल्या घरी नेऊ शकतात. हे खरे आहे. म्हणूनच दरमहाचा हिशेब गावाच्या भाषेत मोठ्याने वाचला जावा, समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि पायथ्याच्या गावातील भाविकांचा स्नानाचा जुना हक्क अबाधित राहावा. झऱ्यावर आदिवासींचा अधिकार म्हणजे इतरांना बंदी नव्हे. धार सर्वांची, व्यवस्था गावाची, असा त्याचा अर्थ आहे.

यातून मागण्या स्पष्ट होतात. झऱ्यांभोवतीच्या वनक्षेत्रावर लगतच्या गावांचे सामूहिक वनहक्क प्राधान्याने मान्य व्हावेत. तेथे होणारे प्रत्येक बांधकाम ग्रामसभेच्या ठरावानेच व्हावे. कुंडाच्या आसपास ठरावीक अंतरात कूपनलिका खोदण्यास बंदी असावी. दुकाने, वाहनतळ, भोजन यांची कामे स्थानिक बचत गटांना आणि सहकारी संस्थांना द्यावीत, बाहेरच्या ठेकेदाराला नव्हेत. आणि पावरी, बारेली, भिली या बोली पहिलीच्या वर्गात शिक्षकाच्या तोंडी असाव्यात. ज्या भाषेचे गाणे पाहुण्यांसाठी चालते, ती भाषा शाळेत चालत नाही, हा दुटप्पीपणा संपला पाहिजे.

२०११ च्या जनगणनेनुसार जळगाव जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे १४ टक्के, धुळ्यात ३१ टक्क्यांहून अधिक, तर नंदुरबारमध्ये ६९ टक्के आहे. राज्याच्या २०१२ च्या मानवविकास अहवालात नंदुरबार सर्वांत शेवटी होते. जेथे आदिवासी अधिक तेथे दारिद्र्य अधिक, हे समीकरण निसर्गाने लिहिलेले नाही. आणि ते स्वागतकमानी व विश्रांतिगृहे बांधून सुटणारेही नाही.

डिसेंबर १९३६ मध्ये याच सातपुड्याच्या पायथ्याशी फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. देशातील पुढारी खेड्यात आले, शेतकऱ्याचे कर्ज आणि सारा यांवर ठराव झाले. अधिवेशनाच्या मंडपातून उत्तरेकडे पाहिले की सातपुडाच दिसे. त्या डोंगरातील माणसापर्यंत पोहोचण्याचे काम अजून पुरे झालेले नाही.

पौषात उनपदेवला अनेक कार्यकर्तेही जातील. त्यांनी जरूर जावे, ऊन पाण्याखाली बसावे, थकवा घालवावा. मात्र डबा घरून नेण्याऐवजी भाकरी-भाजी जवळच्या पाड्यावर सांगावी आणि तिचे योग्य दाम द्यावेत. स्नान झाल्यावर गाडी लगेच फिरवू नये. पाड्यावर बसून विचारावे, की वनहक्काचा सामूहिक दावा दाखल झाला आहे काय, कागद कोठे अडला आहे, कुंडाच्या कामाचा ठराव ग्रामसभेत कधी झाला. उत्तरे वहीत लिहून घ्यावीत आणि पुढच्या महिन्यात तीच वही घेऊन पुन्हा जावे. तेव्हा बहुधा स्नानाला वेळ मिळणार नाही, पण तालुक्याच्या कचेरीत अडलेला एक कागद पुढे सरकलेला असेल.